महाग घराचे गणित: उत्पन्न किती, शिल्लक किती?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच जळगाव, धुळे आणि रावेर-यावल भागांतून आली असून त्या सर्वांचा विषय घरखरेदी हाच आहे. उत्तरांतील हिशेब सर्वत्र ८.५ टक्के व्याजदर आणि २० वर्षांची मुदत धरून केले आहेत. या दराने एक लाख रुपये कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ८६८ रुपये येतो. आपल्या बँकेचा दर वेगळा असेल तर तेवढा एक आकडा बदलावा, बाकीची रीत तीच राहते.

प्रश्न: आम्ही पतिपत्नी जळगावात भाड्याच्या घरात राहतो. मी खासगी कारखान्यात अभियंता असून माझे वय ३८ आहे, पत्नी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिना १ लाख ५५ हजार आहे. भाड्यासह घरखर्च ६० हजार होतो आणि मोटारीच्या कर्जाचा हप्ता १४ हजार जातो. त्या कर्जाचे ४ लाख बाकी आहेत. मुदत ठेवींत २२ लाख आणि म्युच्युअल फंडांत ९ लाख आहेत. यावल तालुक्यातील वडिलोपार्जित शेतीतून केळीचे पैसेही येतात, पण ते दरवर्षी सारखे नसतात. महाबळ परिसरात १ कोटी २० लाखांचा एक तयार बंगला आम्हाला पसंत पडला आहे. ७० लाखांहून अधिक कर्ज सहज मिळेल, असे बँकेकडून सांगण्यात आले. हे घर घेण्यासाठी उत्पन्न आणि शिल्लक किती हवी, आणि आज आम्हाला किती किमतीचे घर झेपेल? (एक वाचक, जळगाव)

उत्तर: प्रथम त्या बंगल्यापुरते उत्तर देतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंत असेल तर ८० टक्क्यांपर्यंत आणि ७५ लाखांच्या वर असेल तर ७५ टक्क्यांपर्यंतच देता येते. त्यामुळे १ कोटी २० लाखांच्या घरावर जास्तीत जास्त ९० लाख कर्ज मिळू शकते आणि ३० लाख स्वतःचे घालावे लागतात. या नियमात किंमत म्हणजे केवळ घराची किंमत असते, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी तीत धरली जात नाही, आणि ही गोष्ट पुष्कळांना अगदी शेवटच्या आठवड्यात समजते. जळगाव महापालिका हद्दीत ६ टक्क्यांप्रमाणे मुद्रांक शुल्क ७ लाख २० हजार होईल आणि नोंदणी फी ३० हजार लागेल. खरेदीखत केवळ पत्नीच्या नावे केल्यास महिलांसाठीची एक टक्क्याची सवलत मिळून १ लाख २० हजार वाचतात. बँकेची प्रक्रिया फी, गहाणखताचा खर्च, वकिलाकडून मालकीहक्काचा शोध आणि दलाली यांसाठी अडीच लाख धरावेत. ग्रिल, पंखे, स्वयंपाकघराचे कपाटकाम आणि किरकोळ दुरुस्ती यांसाठी चार लाख धरावेत. हा आकडा मी मुद्दाम कमी धरला आहे. घर तयार असून त्याला भोगवटा प्रमाणपत्र (घर राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेले असेल तर जीएसटी लागत नाही. या सर्वांची बेरीज ४४ लाख होते.

एवढ्यावर शिल्लकेची गरज संपत नाही. घर घेतल्यावर किमान सहा महिन्यांचा घरखर्च आणि सहा हप्ते बाजूला असलेच पाहिजेत. ९० लाखांच्या कर्जाचा हप्ता ७८ हजार १०० येतो, म्हणजे ही राखीव रक्कम आणखी ८ लाख ३० हजारांच्या घरात जाते. थोडक्यात, या बंगल्यासाठी सुमारे ५२ लाखांची शिल्लक हवी. उत्पन्नाबाबत माझे मत असे की, सर्व कर्जांचे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत. त्या हिशेबाने दुसरे कोणतेही कर्ज नसताना महिना १ लाख ९५ हजार उत्पन्न लागते. अनेक बँका ५० टक्क्यांपर्यंत जातात आणि आपल्याला सांगितलेला ७० लाखांवरचा आकडा तिथूनच आला आहे: ७७ हजार ५०० मधून मोटारीचे १४ हजार वजा केले की ६३ हजार ५०० उरतात आणि त्यात सुमारे ७३ लाखांचे कर्ज बसते. आपण किती कर्ज फेडू शकता, हे बँक त्यातून पाहते. मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे आजारपण आणि निवृत्तीची तरतूद यांचा विचार त्या आकड्यात नसतो, तो आपल्यालाच करावा लागतो.

आता आपली आजची स्थिती पाहू. मोटारीचे ४ लाख आधी फेडून टाकावेत. मग पगाराच्या ४० टक्के, म्हणजे ६२ हजारांचा हप्ता घरासाठी मोकळा होतो आणि त्यातून ७१ लाखांहून थोडे अधिक कर्ज झेपते. शिल्लक मात्र ३१ लाखांतून ४ लाख मोटारीला आणि ६ लाख राखीव म्हणून गेल्यावर २१ लाखच उरते. त्यातून कपाटकाम, दलाली, नोंदणी वगैरेंचे ६ लाख ८० हजार काढले की १४ लाख २० हजार राहतात, आणि किमतीचे २० टक्के व मुद्रांकाचे ६ टक्के मिळून २६ टक्के त्यातूनच भागवायचे आहेत. १४ लाख २० हजार हे सुमारे ५४ लाख ६० हजारांचे २६ टक्के होतात. म्हणजे ७१ लाखांचे कर्ज पेलणाऱ्या आपल्या कुटुंबाला आज साधारण ५५ लाखांचेच घर नीट घेता येते आणि त्यासाठी कर्जही ४४ लाखांहून कमी लागते. आपली अडचण पगाराची नसून शिल्लकेची आहे, हे मी आग्रहाने सांगू इच्छितो, कारण पगारदार कुटुंबांकडून येणाऱ्या पत्रांत सारा विचार हप्त्याचा असतो आणि सुरुवातीला एकदम लागणाऱ्या रकमेकडे फारसे कोणी पाहत नाही.

याची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. या टप्प्यावर शिल्लकेत पडणारा प्रत्येक लाख घराची किंमत सुमारे पावणेचार लाखांनी वाढवतो. वापरण्याजोगी शिल्लक २१ लाखांवरून ३० लाखांवर गेली की सुमारे ८९ लाखांचे घर आवाक्यात येते आणि तेव्हा कर्जही आपल्या मर्यादेला, ७१ लाखांना टेकते. हप्ता वाढल्यामुळे राखीव रकमेत सव्वा लाखाची भर घालावी लागेल, म्हणजे एकूण सव्वादहा लाख नव्याने साठवायचे आहेत. मोटारीचा हप्ता संपल्यावर महिना ४५ हजार बाजूला ठेवले तर ही रक्कम दोन वर्षांच्या आत जमते. मात्र त्यापुढे चित्र बदलते. कर्जाची मर्यादा संपलेली असल्याने ८९ लाखांवरून १ कोटी २० लाखांवर जायचे तर वरचे ३१ लाख आणि त्यावरचे मुद्रांक शुल्क पूर्णपणे स्वतःच्या पैशांतून द्यावे लागतील, म्हणजे आणखी साडेबत्तीस लाखांहून अधिक. तेवढ्यासाठी सहा वर्षे थांबण्यापेक्षा, किंवा वडिलोपार्जित काही विकण्यापेक्षा, दोन वर्षांनी ८५ ते ९० लाखांचे घर घेणे मला शहाणपणाचे वाटते. ७५ लाखांच्या आसपास कर्ज घेणाऱ्या इतर वाचकांनी हेही ध्यानात ठेवावे की, सुमारे ९४ लाखांपासून १ कोटीपर्यंत किमतीच्या घराला कर्ज ७५ लाखांवरच थांबते. त्यामुळे या पट्ट्यात घासाघीस करून किंमत जेवढी खाली येईल तेवढे थेट आपल्या खिशातले वाचते.

केळीच्या पैशांविषयी. ते हप्त्याच्या हिशेबात अजिबात धरू नका. मे-जूनच्या वादळात बाग एका रात्रीत आडवी होते, कुकुंबर मोझॅकसारखा रोग आला तर रोपे उपटून टाकावी लागतात आणि बाग उभी राहिली तरी कापणीच्या दिवशी भाव काय मिळेल ते आपल्या हातात नसते. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला जातो. पगारावर हप्ता उभा करावा आणि केळीचा पैसा आला की मुद्दल फेडावे. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना घेता येत नाही. ४४ लाखांच्या कर्जात पहिल्या वर्षाअखेर जादा भरलेला एक लाख, हप्ता तोच ठेवल्यास, शेवटचे बारा हप्ते वाचवतो. शेतीचा पैसा इतका फायदा दुसऱ्या मार्गाने क्वचितच देईल.

दर वाढल्यास काय होईल, याचीही चाचणी आताच करावी. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि त्याच्याशी जोडलेली गृहकर्जे त्या मानाने महागली. आपले ७१ लाखांचे कर्ज ८.५ वरून १०.५ टक्क्यांवर गेले तर हप्ता ६२ हजारांवरून ७१ हजारांवर जाईल, म्हणजे पगाराच्या ४६ टक्के होईल. आपल्या खर्चात तो बसतो, पण ओढ लागेल. ज्यांनी सुरुवातच ५० टक्क्यांवर केली असेल त्यांना अशा वेळी मुदत वाढवून घेण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि खासगी नोकरीत ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याने निवृत्तीनंतर हप्ते शिल्लक ठेवू नयेत.

आणखी दोन लहान गोष्टी. घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असल्यास विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (आधीच कापून घेतलेला प्राप्तिकर) कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. आपला खर्च त्याने वाढत नाही, पण भरायचे राहिले तर व्याज आणि विलंब शुल्क आपल्यावर येते. प्राप्तिकरातील सवलत मात्र या हिशेबात धरू नये, कारण नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही.

प्रश्न: रावेर तालुक्यात माझी सहा एकर बागायती जमीन आहे, वय ५९. मुलगा पुण्यात संगणक कंपनीत असून त्याच्या हातात महिना १ लाख १० हजार येतात. त्याने १७ लाख साठवले आहेत. बांधकाम चालू असलेल्या संकुलात ९५ लाखांचा फ्लॅट घ्यावा, असे त्याच्या मनात आहे. माझे केळीचे उत्पन्न धरून बँक कर्ज वाढवून देईल का? नाहीतर दोन एकर विकून त्याला द्यावेत, असा विचार आहे. बँकेत माझे १२ लाख आहेत. (एक शेतकरी, रावेर तालुका)

उत्तर: दादा, आपल्या पत्रातली मुलाविषयीची काळजी समजते, म्हणूनच स्पष्ट लिहितो: जमीन विकू नका.

बांधकामाधीन फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी लागतो, तो ४ लाख ७५ हजार. पुण्यात मेट्रो अधिभारासह मुद्रांक शुल्क ७ टक्के, ते ६ लाख ६५ हजार. नोंदणीचे ३० हजार आणि इतर खर्चाचे ५ लाख धरले की ९५ लाखांचा फ्लॅट १ कोटी ११ लाख ७० हजारांना पडतो. मुलाच्या पगाराच्या ४० टक्के म्हणजे ४४ हजारांच्या हप्त्यात सुमारे ५१ लाखांचे कर्ज बसते, तेव्हा स्वतःचे ६१ लाख लागतात. त्याच्या १७ लाखांतून ५ लाख राखीव ठेवले तर १२ लाख राहतात आणि ४९ लाखांची तूट उरते. ती भरण्यासाठी विकलेली जमीन परत घेता येणार नाही, आणि आपल्या म्हातारपणाचे उत्पन्न त्याच जमिनीतून यायचे आहे.

आपले उत्पन्न धरण्याबाबत सांगायचे तर काही बँका वडिलांना सहकर्जदार करून शेतीचे उत्पन्न विचारात घेतात, पण त्यासाठी सातबारा, पीकपेरा, व्यापाऱ्याच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) आणि मुख्य म्हणजे त्या पट्ट्यांचे पैसे खात्यात जमा झाल्याच्या नोंदी लागतात. रोखीने घेतलेल्या पट्टीचा इथे उपयोग होत नाही. प्राप्तिकर विवरणपत्रात शेती उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवलेले असेल तर काम सोपे होते. बँक काही वर्षांची सरासरी काढते, तीत पडत्या भावाचे वर्षही येते. शिवाय आपले उत्पन्न धरले की मुदत आपल्या वयावरून ठरू लागते, म्हणजे वीस वर्षांऐवजी दहा-बारा वर्षे मिळतील आणि हप्ता फुगेल. सहकर्जदार म्हणजे केवळ सहीपुरते नाव नव्हे. मुलाची नोकरी गेली तर हप्ता आपल्याकडून वसूल होतो.

माझ्या मते आपल्या ठेवीतील रक्कम मुलाला देता येईल, आणि वडिलांनी मुलाला दिलेल्या भेटीवर कर लागत नाही. मात्र सगळे १२ लाख देण्याआधी पुढच्या लागवडीचा, ठिबकचा आणि दवाखान्याचा खर्च आपल्याकडे वेगळा आहे ना, हे पाहा. आपले १२ आणि त्याचे १२ असे २४ लाख झाले तर सुमारे ५८ लाखांचा फ्लॅट बसतो. त्याला ४७ लाख कर्ज लागेल, हप्ता ४० हजार ६०० येईल आणि तो पगाराच्या ३७ टक्के असेल. पुण्यात त्या किमतीत घर लहान मिळेल किंवा थोडे लांब मिळेल, पण ते त्याच्या एकट्याच्या पगारावर उभे राहील. बांधकाम पूर्ण होईपर्यंत बँकेने बिल्डरला दिलेल्या रकमेवरील व्याज आणि सध्याच्या खोलीचे भाडे दोन्ही एकाच वेळी चालू राहील, ते त्याला आताच सांगा. प्रकल्पाचा महारेरा (राज्याचे गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) क्रमांक तपासावा, आणि साठेखताची नोंदणी होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नये. तेवढ्यापलीकडे मागण्याचा बिल्डरला कायद्याने अधिकारच नाही.

तरीही पुढे कधी जमीन विकायची वेळ आली तर ती नगरपालिकेच्या हद्दीपासून किती लांब आहे, हे आधी मोजून घ्या. १० हजार ते १ लाख लोकसंख्येच्या नगरपालिकेपासून २ किलोमीटरच्या आतील शेतजमीन विकल्यास भांडवली नफ्यावर कर लागू होतो, त्यापलीकडच्या ग्रामीण शेतजमिनीला तो लागत नाही. जमीन आपली आणि घर मुलाच्या नावे अशा व्यवहारात घरासाठीची करसवलत मिळवणे अवघड जाते, त्यामुळे इसार घेण्याआधी सनदी लेखापालांना भेटावे.

प्रश्न: देवपूरमध्ये ८० लाखांचे घर ठरले आहे. विक्रेते ६० लाखांचे खरेदीखत करून २० लाख रोख मागतात. मुद्रांक शुल्क वाचेल, असे ते म्हणतात. (एक वाचक, धुळे)

उत्तर: ६ टक्क्यांनी २० लाखांवरचे १ लाख २० हजार वाचतील, हे खरे. आता कर्जाकडे पाहा. बँक खरेदीखताच्या किमतीवर कर्ज देते. ८० लाखांवर ८० टक्क्यांनी ६४ लाख मिळाले असते, ६० लाखांवर ४८ लाखच मिळतील. आपल्याला आधी १६ लाख घालायचे होते, आता कागदावरचे १२ आणि रोख २० असे ३२ लाख उभे करावे लागतील. सव्वा लाख वाचवण्यासाठी सोळा लाख जास्त लागतात. त्यातून रेडी रेकनरचा (शुल्कासाठी सरकारने ठरवलेला) दर ६० लाखांपेक्षा वर असेल तर शुल्क त्या वरच्या दरानेच भरावे लागते, आणि तफावत मोठी असल्यास तो फरक आपले उत्पन्न धरून त्यावर आपल्याकडून कर घेतला जाऊ शकतो. पुढे हे घर विकताना आपली खरेदी किंमत ६० लाखच धरली जाईल आणि वरच्या २० लाखांवर नफा म्हणून कर आपण भराल.

स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. आपण दिलेल्या २० लाखांचा मात्र कोणताही पुरावा आपल्या हाती राहत नाही, व्यवहार मोडला तर ते परत मागायला आधार नसतो. विक्रेते ऐकत नसतील तर दुसरे घर पाहावे.

प्रश्न: स्वतःचा वाटा कमी पडतो म्हणून दागिन्यांवर सोनेतारण कर्ज घ्यावे की सोने मोडावे? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर: सोनेतारण घेऊन भरलेला वाटा हा स्वतःचा वाटा राहत नाही, ते दुसरे कर्ज होते. त्याची नोंद सिबिलमध्ये, म्हणजे बँका पाहतात त्या कर्जफेडीच्या अहवालात, दिसते, त्याचे व्याज अनेकदा गृहकर्जापेक्षा जास्त असते आणि त्याचा भार वजा करूनच बँक घराचा हप्ता ठरवते. घर घ्यायचेच असेल आणि दुसरा मार्ग नसेल तर जे दागिने वर्षानुवर्षे लॉकरबाहेर निघालेले नाहीत ते मोडावेत, आणि तेही घरातील बाईंची मनापासून संमती असेल तरच, कारण स्त्रीधनावर हक्क त्यांचा आहे. घर दोघांच्या नावे करावे. मोडताना जळगावच्या सराफ बाजारात दोन-तीन ठिकाणी वजन आणि शुद्धता तपासून घ्यावी, घट किती धरतात ते विचारावे आणि पैसे धनादेशाने किंवा थेट खात्यावर घ्यावेत. स्वतःचा वाटा कुठून आणला, हे बँक विचारते आणि त्या वेळी खात्यावरची नोंद कामी येते. खरेदीला वर्षभराचा अवकाश असेल तर सोने आताच मोडू नका. तोवर दरमहा आवर्ती ठेवीत पैसे टाकून पाहा आणि खरोखर किती कमी पडते ते ठरल्यावर तेवढ्यापुरतेच मोडा.